कमी पडलेली चार पानं

दाढ इतकी ठणकत होती की फुगेबाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तरी अक्षर काही बिघडलं नाही. दातांच्या दवाखान्यातल्या चिठ्ठीवर त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, तक्रारीच्या जागी ‘डाव्या दाढेत कळ’ असं लिहिलं आणि खुर्चीत आडव्या होऊन आ वासला. दातांचे डॉक्टर आले, दिवा तोंडावर ओढला, छोटा आरसा आत घातला आणि सहज म्हणून चिठ्ठीकडे पाहिलं. पाहतच राहिले.

“हा ‘ळ’,” ते म्हणाले, “हा ‘ळ’ माझ्या ओळखीचा आहे.”

फुगेबाईंच्या तोंडात आरसा आणि गालात कापूस. त्या नुसत्या “आं?” म्हणाल्या.

“ठोकळ्यातला ‘ळ’! बाई, ‘दूरची वस्ती’चे फुगे तुम्हीच लिहायचात का?”

बाईंना हसावं की रडावं कळेना. ते पुस्तक बंद पडून चाळीस वर्षं होत आली होती. घरच्यांना सोडलं तर त्याचं नाव कुणी काढलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस हातातला चिमटा टेबलावर टाकून, लहान मुलासारखा डोळे पुसत उभा होता. दाढ काढायची राहिलीच.

त्यांचं आडनाव फुगे नव्हतं, हे आधी सांगायला हवं. चित्रकथेत माणसांच्या तोंडून जे गोल निघतात आणि ज्यात त्यांचं बोलणं लिहिलेलं असतं, त्यांना छापखान्यात फुगे म्हणत. ते फुगे भरायला विशीतली ही मुलगी लागली म्हणून ती फुगेवाली, आणि वय वाढलं तशी फुगेबाई. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. लग्न राहून गेलं, त्यामुळे ते नाव बदलायचा प्रसंगही आला नाही.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून बाईंना न थरथरणारा हात मिळाला. थोरला भाऊ, दादा, लिफ्टचा मेकॅनिक. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि स्वतः राहायचा चौथ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट म्हणून नव्हतीच. “हलवायाच्या घरी कुणी गोड खात नाही,” असं म्हणून तो जिना चढायचा.

त्या काळात टीव्हीवर ‘दूरची वस्ती’ ही मालिका लागायची. माणसं यानात बसून कुठल्याशा ग्रहावर राहायला जातात, तिथे संकटांमागून संकटं. त्यात एक मिशीवाला कप्तान, एक डॉक्टरीण आणि ठोकळा नावाचं यंत्र. ठोकळा म्हणजे हातपाय फुटलेली पेटी, डोळ्यांच्या जागी दोन दिवे, आणि चालताना डावा पाय किंचित ओढायचा. अख्खं शहर त्याच्यावर जीव टाकायचं. छापखान्याच्या मालकांनी टीव्ही केंद्राशी बोलणी करून त्या मालिकेची चित्रकथा काढायचा हक्क मिळवला. दर महिन्याला एक भाग, एक पुस्तक.

चित्रं काढायला एक नावाजलेला चित्रकार होता. तिसऱ्या महिन्यात तो कुंचले तसेच पाण्यात टाकून दुसऱ्या नोकरीवर निघून गेला. मालक डोक्याला हात लावून बसले. मग फुगेबाईंकडे वळून म्हणाले, “तुला गं? काढता येतं काही?”

“फुग्याखाली माणूस काढायचा, एवढंच ना?” बाई म्हणाल्या. हे त्या धिटाईने नव्हे तर घाबरून म्हणाल्या होत्या. पण मालकांना ते धिटाईचं वाटलं आणि काम त्यांच्या गळ्यात पडलं.

काम सोपं नव्हतं. टीव्ही केंद्राकडून संवादांचे कागद यायचे आणि सोबत मूठभर फोटो, तेही सगळे समोरून काढलेले. यान मागून कसं दिसतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याला दादाच्या हत्यारांच्या पेटीसारखी पाठ दिली, आणि पुढे वाचकांना तीच खरी वाटायला लागली. घरी टीव्ही नव्हता, म्हणून दर आठवड्याला त्या मालकांच्या दिवाणखान्यात स्टुलावर बसून, मांडीवर वही घेऊन समोर दिसेल ते भराभर टिपायच्या. टीव्हीवरचं चित्र काही थांबत नाही. पळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे धावत कोटाचं माप घेणाऱ्या शिंप्यासारखी त्यांची गत व्हायची.

एकदा मात्र मापच चुकलं. बोगद्यात पाणी शिरतं, असा तो भाग होता. केंद्राकडून आलेले कागद नेहमीपेक्षा पातळ होते. बाईंनी सगळं ताणून ताणून काढलं, तरी अठ्ठावीस पानांतच गोष्ट संपली. पुस्तक बत्तीस पानांचं; कागदाची घडीच तशी. चार पानं कमी पडत होती.

“काहीतरी भर,” मालक म्हणाले. “पाणी दाखव, अंधार दाखव. अंधाराला शाई लागते, डोकं लागत नाही.”

तो भाग बाईंनी पडद्यावर पाहिला होता. बोगद्यात ठोकळ्याची वीज संपते. तो भिंतीला टेकून उभा राहतो. कप्तान एकदा वळून बघतो, पुढे जातो आणि लोखंडी दार ओढून घेतो. झालं, समाप्त. मालकीणबाई टीव्हीवर ओरडल्या होत्या, “अरे मेल्या, त्याला घे की बरोबर!” सगळा दिवाणखाना सुतक पडल्यासारखा गप्प झाला होता.

आणि त्याच दिवसांत घरी वडिलांचं एक अंग लुळं पडलं. दवाखान्यात न्यायचं, तर चौथा मजला आणि लिफ्ट नाही. दादाने त्यांना पाठीवर घेतलं. बाई मागून वडिलांच्या चपला हातात घेऊन उतरत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वडील ओशाळून म्हणाले, “जड झालो रे तुला.” दादाला श्वास पुरत नव्हता. तरी म्हणाला, “जड नाही हो तुम्ही. दमलायत फक्त.”

वडील त्यातून उठले नाहीत.

सुट्टीनंतर बाई छापखान्यात आल्या आणि एका बैठकीत त्यांनी ती चार पानं काढली. कप्तान दारापाशी थांबतो. मागे येतो. छातीएवढ्या पाण्यात वाकतो आणि ठोकळ्याला पाठीवर घेतो. ठोकळ्याच्या फुग्यात लिहिलं, ‘मी जड आहे.’ कप्तानाच्या फुग्यात लिहिलं, ‘जड नाहीस रे. दमलायस फक्त.’ शेवटच्या पानावर बोगद्याच्या टोकाला उजेड.

मालकांनी पानं पाहिली. “शाई बरीच खाल्लीस,” एवढंच म्हणाले आणि पानं छपाईला दिली.

गंमत अशी, की बोगद्यानंतरच्या भागात टीव्हीवर ठोकळा काही झालंच नाही अशा थाटात हजर झाला होता. तो बोगद्यातून कसा सुटला हे मालिकेने सांगितलंच नाही. पुस्तकाने ते सांगितलं. दोन्ही एकमेकांत चपखल बसलं, आणि कुणी काही विचारलं नाही.

मग मालिका संपली. टीव्ही केंद्राने तिच्या टेपा पुसून त्यांवर बातम्या भरल्या. छापखाना शाळेच्या पुस्तकांकडे वळला, आणि बाई निवृत्त होईपर्यंत फुलाचे भाग आणि माणसाची पचनसंस्था काढत राहिल्या. जठर तर त्यांनी इतक्या वेळा काढलं होतं, की झोपेत विचारलं तरी बिनचूक वळण दिलं असतं.

दातांच्या डॉक्टरांमुळे त्यांना पहिल्यांदा कळलं, की ‘दूरची वस्ती’ची वेडी माणसं अजून शिल्लक आहेत. स्वतःला वस्तीकर म्हणवतात, त्यांचं मंडळ आहे, आणि हे डॉक्टर त्याचे अध्यक्ष. टेपा गेल्यामुळे सगळ्यांची भिस्त बाईंच्या चित्रकथांवर. जुनी पुस्तकं जपून, शिवून, पुन्हा पुन्हा वाचून त्यांनी मालिका जिवंत ठेवली होती. “मेळाव्याला तुम्ही यायचंच,” डॉक्टर म्हणाले. “कप्तान येणार आहेत. खुद्द!”

बाई गेल्या. सोबत दादा. दादाला आता कमी ऐकू यायचं, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा तो जोरात बोलायचा.

कॉलेजचं सभागृह खचाखच भरलेलं पाहून बाई दारातच हबकल्या. त्यांना वाटलं होतं वीस-पंचवीस माणसं असतील. शेवटच्या रांगांमध्ये लोक उभे होते. मंचावर कप्तान आले, म्हणजे कप्तानाचं काम केलेले नट. केस पांढरे, हातात काठी, पण आवाज तसाच भरदार. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, “बोगद्याची गोष्ट सांगू?”

सभागृहाने एकमुखाने होकार दिला.

“पाणी इथपर्यंत होतं,” त्यांनी छातीवर हात ठेवला. “बर्फासारखं गार. ठोकळ्याला पाठीवर घेतलं, आतल्या माणसासकट बरं का. कंबरडं मोडायची वेळ आली होती. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला, मी थांबलोच नाही. आणि ते वाक्य कागदावर नव्हतं हो. कुणीच लिहिलं नव्हतं. माझ्या आतून आलं.”

ते थांबले. आणि लहानथोर सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, “जड नाहीस रे. दमलायस फक्त.”

शेजारची बाई हुंदका देत होती. पुढचा म्हातारा चष्मा पुसत होता. ही एवढी माणसं कधी न घडलेली गोष्ट आठवून रडत होती, आणि ज्याने ती कधी केली नाही तो माणूस पाण्याचा गारवा सांगत होता. वडिलांच्या चपला हातात धरल्या होत्या तो जिना बाईंना डोळ्यांपुढे दिसला. त्यांना वाटलं, आपल्या घरात कुणीतरी शिरलंय आणि आपल्याच भांड्यातून पाणी पितंय.

तेवढ्यात दादा उभा राहिला.

“अगं ए!” तो गरजला. “हे तर मी म्हणालो होतो! बाबांना! आपल्या जिन्यात!”

सभागृह हास्याने दणाणलं. बाईंनी त्याच्या शर्टाला धरून खाली ओढलं. पण डॉक्टरांचं लक्ष गेलंच. “आणि आज आपल्यात ती चित्रं काढणाऱ्या फुगेबाई आहेत!” असं म्हणत त्यांनी बाईंना मंचावर आणलंसुद्धा. हातात माइक आला.

“ती चार पानं,” त्या म्हणाल्या, “टीव्हीवर नव्हती. मी मनाने काढली.”

मग डॉक्टर भारावून ओरडले, “ऐकलंत? मनापासून काढली!” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. खाली उतरताना एका बाईने त्यांचे हात धरले. म्हणाली, “मी सात वर्षांची होते. तो प्रसंग बघायला आई स्टोव्ह विझवून बाहेर आली होती. मला आजही दिसतं ते.” तिच्या डोळ्यांत खोटं तसूभरही नव्हतं. बाईंना स्वतःचीच शंका आली. आपलं तर डोकं फिरलेलं नाही ना?

मंचामागच्या खोलीत चहा आला. तिथे चौघंच होते: नट, डॉक्टर, दादा आणि बाई. बाईंनी कप खाली ठेवला.

“रागावू नका. पण तुम्ही ठोकळ्याला कधीच उचललं नव्हतं.”

नट हसले. “बाई, मला त्यानंतर आठवडाभर ताप होता.”

“असेल. पण पाणी गुडघ्याएवढं होतं, आणि तुम्ही एकटे बाहेर पडलात. वळून पाहिलंत आणि दार लावून घेतलंत. मी मालकांच्या घरी बसून पाहिलं ते. मालकीणबाई तुम्हाला शिव्या देत होत्या.”

“एकटा?” नट हसतच म्हणाले. मग ते हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून मात्र गेलं. डॉक्टरांच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं, ते त्यांना कळलंही नाही.

“दार पुठ्ठ्याचं होतं,” नट हळूच म्हणाले. “वरून लोखंडी रंग. मी जोरात ओढलं तर कडेला चुरगळलं. पुन्हा घ्यावं लागलं. म्हणजे... दोनदा लावलं मी ते दार.”

त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली.

“आणि ठोकळा रिकामा होता. आत माणूसच नव्हता.”

मग त्यांच्या तोंडून एक एक गोष्ट अडखळत बाहेर आली. ठोकळ्याच्या आत एक बुटका नट असायचा. दिव्यांच्या उष्णतेने पेटी आतून भट्टीसारखी तापायची. त्या दिवशी दुपारी तो आतच बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, पेटीला मागून चार भोकं पाडून द्या, नाहीतर मी आत शिरणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, पेटी बिघडवायची नाही. तू नको शिरूस, दुसरे पुष्कळ आहेत. त्याचे पुढचे सगळे प्रसंग तिथल्या तिथे कापले. रिकामी पेटी भिंतीला टेकवली आणि भाग कसाबसा संपवला. पुढच्या भागात पेटीत दुसराच माणूस शिरला.

“तो माझ्या खोलीत आला होता,” नट म्हणाले. “म्हणाला, तुम्ही तरी एक शब्द टाका, तुमचं ऐकतील. मी आरशासमोर मिशी चिकटवत होतो. मी त्याला खुणेने सांगितलं, गोंद ओला आहे. बोलता येत नाही.”

कागद पातळ का होते ते फुगेबाईंना आज कळत होतं. त्यांची चार पानं ज्याच्यामुळे कमी पडली, तो माणूस त्याच दुपारी घरी चालत निघाला होता. आणि त्याच पानांवर आपण हे काय रंगवून ठेवलं? समोरच्या या नटाला विसरायला एक सुंदर जागा करून दिली?

“बाई, मी खोटं बोललो नाही हो,” नट म्हणाले. “देवाशप्पथ सांगतो, मला ते पाणी आठवतं. आताही आठवतंय.”

“काय म्हणतायत?” दादाने विचारलं.

“काही नाही, दादा. चहा घे.”

डॉक्टरांना त्या बुटक्या नटाचा पत्ता माहीत होता. त्यालाही आमंत्रण गेलं होतं, पण कामाची गर्दी आहे असा निरोप आला होता. तो सोफे शिवायचा. नट म्हणाले, “मला तिथे न्या.” मग बाईंकडे पाहून, “तुम्हीही चला. एकट्याचे माझे पाय उचलणार नाहीत.”

रविवारी चौघं गेले. दुकान लांबट होतं. एका बाजूला सोफ्यांचे उघडे सांगाडे, दुसऱ्या बाजूला रेक्झिनच्या गुंडाळ्या. एक बुटका म्हातारा तोंडात बारीक खिळे धरून, एकेक जिभेने पुढे काढत, सोफ्याच्या कडेला ठोकत होता. दारातल्या काठीवाल्या माणसाकडे त्याने पाहिलं. खिळे तळहातावर काढून ठेवले.

“या, कप्तान,” तो म्हणाला. “मिशी काढलीत वाटतं.”

नटांनी काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना. शेवटी सोफेवालाच बोलला.

“अहो, अवघडून जाऊ नका. माझ्या मनात काही नाही. होतं, खोटं कशाला बोलू. महिनाभर तुमच्या नावाने बोटं मोडली. मग धाकट्या मुलीने ते पुस्तक आणलं. मी वाचलं. म्हटलं, बघा, माणूस दिलाचा मोठा. तेव्हा तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून चित्रातून बोलला. मला पाठीवर घेतलं. त्या दिवशी सगळं धुऊन निघालं बघा. तुम्हीच काढायला सांगितलं होतंत ना ते?”

नटांनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. फुगेबाईंना वाटलं, म्हणून टाकतील, आणि म्हटलं तर आपण तरी काय करणार? त्यांनी मान खाली घातली.

“नाही,” नट म्हणाले. “मला त्याचा पत्ताही नव्हता. ते या बाईंनी काढलं. मी दार लावून गेलो होतो. वर चाळीस वर्षं लोकांना सांगत फिरलो, की मी तुला उचललं.”

सोफेवाल्याच्या हातातले खिळे फरशीवर सांडले. तो अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर मटकन बसला.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मी भलत्यालाच माफ करून बसलो?”

डॉक्टर उगाच खाली वाकून खिळे गोळा करायला लागले.

“आता काय करू मी?” सोफेवाला स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “परत घेऊ ती माफी? इतकी वर्षं वापरलेली वस्तू. परत घेऊन ठेवू कुठे?” मग एकदम बाईंकडे वळला. “आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्याबद्दल?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण समोरच्या माणसाने नुकतंच खरं बोलून दाखवलं होतं.

“कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “पानं कमी पडत होती. आमचे वडील तेव्हा... आमच्या दादाने त्यांना असं उचललं होतं, ते मनात होतं. ठोकळ्याच्या आत कुणी माणूस असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. कधीच नाही. तुमचा पाय ओढणं मी पन्नास वेळा काढलं असेल. मला वाटायचं, यंत्रात बिघाड दाखवलाय.”

“पाय लहानपणापासून तसाच आहे,” सोफेवाला म्हणाला.

बाईंनी तोंडावर हात घेतला. टीव्हीसमोर वही धरून आपण किती बारकाईने पाहतो, याचा त्यांना केवढा अभिमान होता! आणि आतला माणूस राहूनच गेला. दिसत होता तो पाय, आणि राहून गेला.

सोफेवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय. पण तो हसत होता, खोकला लागेपर्यंत. “यंत्रात बिघाड!” तो म्हणाला. “बायको हेच म्हणायची!” दादाला काही ऐकू आलं नव्हतं, पण तोही हसला. नट मात्र हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभेच होते.

“बसा,” सोफेवाला त्यांना म्हणाला. “तुमचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तोवर बसायला हरकत नाही.”

नट बसले.

“आतून काय दिसायचं हो?” बाईंनी विचारलं. हा प्रश्न आपण चाळीस वर्षं उशिरा विचारतोय, हे कळूनही विचारला.

“हे मला आजवर कुणी विचारलं नाही,” तो म्हणाला. त्याने रेक्झिनवर खुणा करायचा खडू उचलून बाईंच्या हातात दिला. “हे एवढं भोक. पण डोळ्यांसमोर नाही हं, हनुवटीसमोर. त्यामुळे मान अशी वाकवून बघायचं. माणसांचे चेहरे दिसायचेच नाहीत. बूट दिसायचे. कप्तानाचे बूट मी कुठेही ओळखीन.”

बाईंनी काळ्या रेक्झिनच्या तुकड्यावर खडूने ते भोक काढलं आणि भोकात बूट काढले.

त्याची पुढे चार पानांची छोटी चित्रकथा झाली. वर्षभराने वस्तीकरांच्या मेळाव्यात ती वाटली गेली, आणि नटांनी मंचावर उभं राहून खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही जण चिडून मंडळ सोडून गेले. डॉक्टरांना महिनाभर पत्रं येत होती. स्टोव्हवाल्या बाईने तर ठासून सांगितलं, की तुम्ही सगळे चुकताय, मी डोळ्यांनी पाहिलंय. सोफेवाला आलाच नाही. त्याला खरंच काम होतं. नट अधूनमधून त्याच्या दुकानात जाऊन बसतात. बोलणं फारसं होत नाही. माफीचं काय ठरलं ते विचारायची कुणाची छाती होत नाही.

छापण्याआधी ती पानं दाखवायला फुगेबाई दुकानात गेल्या होत्या. सोफेवाल्याने एकेक पान उजेडात धरून पाहिलं, आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

“घाम इथे नाही,” तो म्हणाला. “घाम कपाळावरून डोळ्यांत यायचा, आणि पुसायला हात आत घेता यायचा नाही.”

बाईंनी पिशवीतून खोडरबर काढलं आणि तिथेच, एका उघड्या सांगाड्याच्या फळीवर पान ठेवून, घाम खोडायला घेतला.